नव्वद सांगाड्यांचा फोडणीचा भात

रेल्वेच्या डिझेल शेडमधून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून या सदरात मी बोअरचे पंप, इन्व्हर्टर आणि जुन्या बुलेटची किक यांवरच लिहीत आलो. या महिन्यात टपालातून थेट रणगाडा आला. पत्रं तीन, विषय एकच, म्हणून पंपवाल्यांनी एक अंक दम धरावा.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि अहिल्यानगरला राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘फर्डिनांड’ या जर्मन रणगाडाभेदी गाडीचं प्लास्टिकचं मॉडेल करतोय. माहितीपत्रकात लिहिलंय की तिच्यात पेट्रोल इंजिनंही होती आणि इलेक्ट्रिक मोटारीही. रणगाड्यात वीज कशाला? आणि मशीनगन नव्हती म्हणून ही गाडी फसली, असं जिथं तिथं वाचतो. ते खरं का?

उत्तर : आधी विजेचं बघू, कारण त्यात माझी ३४ वर्षं गेली.

तू डिझेल इंजिनाची गाडी पाहिली असशील. लोकांना वाटतं, डिझेल इंजिन चाकं फिरवतं. तसं नसतं. आमच्या डब्ल्यूडीएम-२ या रेल्वे इंजिनात २६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन जनरेटर फिरवायचं, जनरेटरची वीज खाली सहा ट्रॅक्शन मोटारींना जायची आणि चाकं फिरवायच्या त्या मोटारी. मधे क्लच नाही, गिअर बदलणं नाही. ड्रायव्हर नॉच, म्हणजे जोराचे टप्पे, वाढवत जातो आणि दोन हजार टनांची मालगाडी झटका न देता हलते. इतकं वजन जागेवरून उचलायला याहून गुणी व्यवस्था मी तरी पाहिली नाही.

फर्डिनांडमध्ये नेमकं हेच होतं. दोन पेट्रोल इंजिनं, प्रत्येकाला एक जनरेटर, आणि मागच्या बाजूला दोन इलेक्ट्रिक मोटारी, एक डाव्या पट्ट्याला, एक उजव्या. ही कल्पना फर्डिनांड पोर्शे यांची, आणि त्यांना ती काही युद्धात सुचली नव्हती. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची विजेची मोटारगाडी होती, तिच्या चाकांच्या तुंब्यातच मोटारी बसवलेल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी अवजड तोफा ओढणाऱ्या पेट्रोल-विजेच्या गाड्या केल्या. म्हणजे चाळीस वर्षं हा माणूस एकाच सुराला धरून होता.

आता घोडं कुठं पेंड खातं ते बघ. एक टन वजन रुळावर सरकवायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो. तेच टन नांगरलेल्या ओल्या शेतातून ओढायचं तर शंभर किलोही कमी पडतात. आमचं इंजिन ११३ टनांचं, पण पायाखाली पोलादी रूळ. फर्डिनांड ६५ टनांची, पायाखाली रशियातली काळी माती, आणि जोर कसाबसा टनामागे नऊ अश्वशक्ती.

त्यात मोटारीचा स्वभाव असा की कमी वेगात जास्त जोर मागितला की ती भरपूर करंट पिते आणि तापते. आदर्कीचा चढ चढताना आमच्या ड्रायव्हरचा एक डोळा सिग्नलवर आणि एक अँपिअरच्या काट्यावर असायचा. अमुक इतका करंट अमुक इतकी मिनिटंच, त्यापुढे मोटार जळणार, हे त्याला तोंडपाठ असे. पण घाट संपतो. शेतातून जाणाऱ्या रणगाड्याला दिवसभर आदर्कीच आदर्की.

तरीही ही गाडी झालीच कशी? ती मुळात व्हायचीच नव्हती. हेन्शेल ही कंपनी आणि पोर्शे या दोघांकडे नव्या अवजड रणगाड्याचं काम होतं, तोच पुढे ‘टायगर’ झाला. २० एप्रिल १९४२ ला, हिटलरच्या वाढदिवशी, रास्टेनबुर्गला दोघांनी आपापला नमुना दाखवला. पोर्शे यांची हवेने थंड होणारी इंजिनं तापायची, बंद पडायची. जनरेटर आणि मोटारींना तांबं लागायचं पोतंभर, आणि जर्मनीत तांब्याचा दुष्काळ. हेन्शेलचा नमुना पसंत झाला. पण इकडे ‘बाजारात तुरी’ म्हणतात तसं, निकाल लागायच्या आधीच पोर्शे यांनी शंभर रणगाड्यांचा माल मागवला होता. क्रुपच्या कारखान्यातून चिलखती सांगाडे निघाले होते आणि ऑस्ट्रियात सांक्ट व्हालेंटिनच्या निबेलुंगेनवेर्क कारखान्यात जोडणी सुरू होती. बुरूज, म्हणजे तोफेसकट फिरणारे वरचे डबे, हेन्शेलच्या गाड्यांवर बसवता आले. नव्वदेक सांगाडे मात्र उरले.

रात्रीचा भात उरला की सकाळी कोणी टाकून देत नाही, त्याला फोडणी देतात. सप्टेंबर १९४२ मध्ये तसंच ठरलं. त्या सांगाड्यांवर बुरूज न ठेवता मागच्या बाजूला पोलादी खोली बांधायची आणि तिच्यात ८८ मिलिमीटरची नवी लांब तोफ बसवायची. पोर्शे यांची इंजिनं काढून पाण्याने थंड होणारी मायबाख इंजिनं घालायची, बाकी विजेची व्यवस्था तशीच ठेवायची. इंजिनं मधे आली. त्यामुळे ड्रायव्हर आणि रेडिओवाला पुढे एकीकडे, तोफेवरचे चौघे मागे एकीकडे, आणि मधे तापलेली भिंत. बोलायचं तर तारेवरून. समोर आधीच १०० मिलिमीटरचं चिलखत होतं, त्यावर आणखी १०० मिलिमीटरचं ताट बोल्टांनी आवळलं. तुझ्या मॉडेलवर पुढे बोल्टांच्या ज्या डोक्यांची रांग दिसते ना, ती हीच. एकूण जाडी जवळजवळ वीतभर. मे १९४३ पर्यंत नव्वदच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि पोर्शे यांचंच नाव त्यांना दिलं.

तोफेबद्दल मात्र एक शब्द वाकडा बोलता येणार नाही. नळी व्यासाच्या ७१ पट, म्हणजे सव्वासहा मीटर. दहा किलोचा पोलादी गोळा सेकंदाला किलोमीटरभर वेगाने सुटायचा. रशियाचा टी-३४ रणगाडा ती दोन किलोमीटरवरूनही समोरून फोडू शकत होती, आणि तेवढ्या अंतरावरून टी-३४ फर्डिनांडच्या समोर काहीच करू शकत नव्हता. गोम एकच. तोफ डावी-उजवीकडे साधारण १४ अंशच वळायची. त्याहून जास्त वळवायची तर ६५ टनांची अख्खी गाडी वळवा.

आता मशीनगन. ५ जुलै १९४३ ला रशियात कुर्स्कची लढाई सुरू झाली. ६५३ आणि ६५४ क्रमांकाच्या दोन बटालियनांमध्ये मिळून ८९ फर्डिनांड उत्तरेकडच्या आघाडीवर, जनरल मॉडेल यांच्या नवव्या सैन्यात होत्या. पोनिरी या रेल्वे स्टेशनाच्या रोखाने त्यांना पुढे घातलं. जनरल गुडेरियन तेव्हा जर्मन रणगाडा दलाचे महानिरीक्षक होते. त्यांनी नंतर आठवणींत तक्रार केली की मशीनगन नसल्याने या गाड्यांना शत्रूच्या पायदळात शिरल्यावर तोफेने लावे पक्षी मारायची वेळ आली. वाक्य झकास आहे, म्हणून सगळ्यांच्या तोंडात बसलं. माझं मत विचारशील तर लोकांनी दाखल्यावर मरणाचं कारण चुकीचं लिहिलं.

रशियनांनी तिथं जमिनीत सुरुंग असे पेरले होते जसं आपण शेतात बी टोकतो. वाट मोकळी करायला जर्मनांनी बोर्गवार्डच्या छोट्या, दुरून चालवायच्या, स्फोटकं वाहणाऱ्या गाड्या पुढे पाठवल्या होत्या. पण तोफांच्या माऱ्यात मोकळ्या वाटांवर खुणा करणं जमलं नाही आणि मागून येणाऱ्या फर्डिनांड चाचपडत सुरुंगांत शिरल्या. ६५३ बटालियनच्या ४५ गाड्यांपैकी पहिल्या दिवशी संध्याकाळी धड चालण्याजोग्या १२ उरल्या. बाकीच्या जळल्या नव्हत्या. कुणाचा पट्टा तुटला, कुणाचं चाक निखळलं. टी-३४ चा पट्टा तुटला तर दुसरा टी-३४ त्याला ओढून नेतो. फर्डिनांडला ओढायला १८ टनी हाफट्रॅक, म्हणजे पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेले ट्रॅक्टर लागायचे, एकामागे एक, कधीकधी पाच. पाच गाड्या साखळीत जोडून, दिवसाउजेडी, समोर रशियन तोफखाना मोकळा असताना! आमच्याकडे इंजिन रुळावरून घसरलं की अपघात मदत गाडी येते आणि क्रेन लावून दहा-बारा तासांत ते उभं करते, पण तिच्यावर कोणी गोळे टाकत नाही.

लढाईनंतर रशियन तज्ज्ञांनी पोनिरीच्या भागात पडलेल्या २१ फर्डिनांड तपासल्या. बऱ्याचशांचे पट्टे आणि चाकं सुरुंगांनी किंवा तोफगोळ्यांनी गेलेली. एकीच्या बाजूच्या ८० मिलिमीटर चिलखतातून ७६ मिलिमीटरचा गोळा आत गेला होता. एक विमानातल्या बॉम्बने फुटली होती. समोरचं वीतभर पोलाद मात्र कोणालाच भेदता आलं नव्हतं. पायदळाने बाटलीबॉम्बने जाळलेलीही होती, नाही असं नाही. पण अशा हाताशी आलेल्या गाड्या बहुतेक आधीच जागेवर खिळलेल्या होत्या. जुलैअखेर एकूण ३९ गाड्या कायमच्या गेल्या.

आणि आगी. याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, पण माझं लक्ष तिथंच जातं. एका पावसाळ्यात आमच्याकडे एक इंजिन आलं. तिसरा नॉच दिला की ग्राउंड रिले पडायचा, म्हणजे कुठंतरी वीज अंगाला लागत होती. रात्रभर आम्ही चौघं केबल चाचपत होतो. पहाटे सापडलं. पाण्याच्या एका होजचा क्लॅम्प ढिला राहिला होता, त्यातून थेंब थेंब पाणी केबलच्या जोडावर पडत होतं. क्लॅम्प कोणी बसवला होता ते मी सांगणार नाही, कारण त्याने चहा पाजला, आणि तो मीच होतो. सांगायचं ते एवढंच की आमच्या इंजिनात माणूस आत उभा राहून टॉर्च मारू शकतो. फर्डिनांडच्या पोटात दोन पेट्रोल इंजिनं, साडेनऊशे लिटर पेट्रोल, पाण्याचे रेडिएटर, दोन जनरेटर आणि जाड केबल, हे सगळं एका चिलखती पेटीत ठासून भरलेलं. पेट्रोलचा पाइप पाझरला आणि शेजारी ठिणगी पडली की संपलं. काही फर्डिनांड शत्रूचा गोळा न लागताच पेटल्या. मशीनगन त्यावर काय करणार?

मशीनगन पुढे बसवलीच म्हणा. वाचलेल्या पन्नासएक गाड्या १९४४ च्या सुरुवातीला सांक्ट व्हालेंटिनला परत आणल्या. पुढे रेडिओवाल्याच्या बाजूला मशीनगन, छतावर कमांडरला चहूकडे बघता येईल असा घुमट, रुंद पट्टे, चुंबकी स्फोटकं चिकटू नयेत म्हणून अंगावर खरबरीत लेप. नाव बदलून ‘एलेफांट’, म्हणजे हत्ती, केलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गालिसियात, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनच्या भागात, रशियनांची लाट आली तेव्हा मशीनगनवाले हत्तीही तसेच गेले. मागे हटताना पूल पेलेना, पेट्रोल संपलं, मोटार जळली, की स्वतःच्याच माणसांनी सुरुंग लावून उडवायचे. रस्त्यावर टाकी भरून १५० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सहा लिटरच्या वर. राहिलेले थोडेसे १९४५ मध्ये बर्लिनच्या दक्षिणेला, त्सोसेनच्या आसपास लढले.

प्रश्न : माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, इटलीत लढले. ते म्हणायचे, ‘जर्मनांचा हत्ती होता, त्याला गोळी लागत नसे.’ तो हाच एलेफांट असेल का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, इटलीत एलेफांट आले होते हे खरं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ६५३ बटालियनची एक कंपनी, एकूण ११ गाड्या, अंझिओला पाठवली. तिथं दोस्तांचं सैन्य समुद्रातून उतरलं होतं. पण अंझिओ रोमच्या दक्षिणेला, पश्चिम किनाऱ्यावर. तुमच्या आजोबांची बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि तो हिवाळा तिने पूर्वेला, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला, सांग्रो नदीपलीकडच्या चिखलात काढला. मधे अख्खा आपेनिन डोंगर. उन्हाळ्यात जर्मन उत्तरेकडे हटले तेव्हा त्या अकरांतले मोजकेच शिल्लक होते.

त्यामुळे हा एलेफांट असण्याचा संभव फार थोडा. बुरूज नसलेल्या, बसक्या जर्मन तोफगाड्या इटलीत पुष्कळ होत्या, आणि चाकांवरची ८८ ची तोफ तर जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत आहे. रायफलची गोळी यांतल्या कशालाच लागत नाही. खंदकात पालथ्या पडलेल्या माणसाला समोरची प्रत्येक चिलखती गाडी हत्तीएवढी दिसते, म्हणून आजोबांचा शब्द खोटा म्हणू नका. त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांची सेवापुस्तिका घरात असेल तर तारखा बघा. ते तेव्हा बटालियनमध्ये असतील, तर घरात सांगण्यासारखी खरी गोष्ट ती आहे.

इटलीतल्या त्या अकरांचं काय झालं विचाराल, तर तिथंही माती आणि पूलच आडवे आले. अंझिओची जमीन पाणथळ, पक्का रस्ता सोडला की गाडी रुतणार. रस्ता धरून चालायचं तर वरून विमानं.

प्रश्न : ही गाडी आज कुठं बघायला मिळेल? आणि पोर्शे मोटारींचा याच्याशी खरंच संबंध आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : संबंध आहे. गाडी केली ती त्याच फर्डिनांड पोर्शे यांनी, आणि फोक्सवॅगनची बीटलही त्यांचीच. युद्धानंतर फ्रेंचांनी त्यांना जवळजवळ दोन वर्षं कैदेत ठेवलं. १९५१ मध्ये ते गेले.

जगात या गाड्या दोनच उरल्या आहेत. एक मॉस्कोजवळ कुबिंकाला, कुर्स्कवर सापडलेली. दुसरी अमेरिकेत, इटलीत हाती लागलेली. आधी ती मेरीलँडमधल्या अबरडीनला उघड्यावर उभी होती, नंतर व्हर्जिनियात ‘फोर्ट ली’ या लष्करी तळावर नेली. मधे काही काळ इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाने उसनी घेतली होती. ही इटलीतली आहे म्हणजे मशीनगनवाला एलेफांट.

आपल्याकडे अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथं फर्डिनांड नाही, पण व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंचुरियन, पॅटन अशी मंडळी ओळीने उभी आहेत. पहिल्या पत्रातला मुलगा तर त्याच गावचा, त्याने सायकल काढली तरी पुरे. बाळ, तिथं गेलास की तोफांचे फोटो नंतर काढ. आधी वाकून पट्ट्याची एक कडी आणि तिची पिन नीट बघ, आणि असली कडी चिखलात, पावसात, घणाने बदलायची कशी याचा विचार कर.

आणि मॉडेलचं. तुझं कुर्स्कचं असेल तर पुढे उजवीकडे मशीनगनची गोल बैठक लावू नकोस, छतावर घुमट लावू नकोस आणि अंगावर तो खरबरीत लेपही नको. ते सगळं १९४४ चं. बऱ्याच डब्यांत दोन्ही प्रकारचे भाग एकत्र येतात आणि मुलं सगळेच चिकटवून मोकळी होतात. मागच्या भिंतीवर मोठं गोल झाकण आहे, त्याच्या मधोमध छोटी खिडकी. मोठं झाकण तोफ बाहेर काढायला, छोटी खिडकी रिकाम्या काडतुसांच्या नळ्या फेकायला. ती खिडकी उघडी ठेव, म्हणजे आत चौघं घामाघूम बसली आहेत असं वाटेल. पट्ट्यांवर आणि खालच्या अंगावर चिखल सढळ हाताने लाव, आणि रंग वाळायच्या आत बोल्टांच्या डोक्यांवर ब्रश घासू नकोस. माझ्या नातवाने तसंच केलं आणि समोरची अर्धी रांग पुसली गेली.